इलेक्ट्रॉनिक शटर: कॅमेऱ्याचा वाचनकाळ घरी मोजण्याची आणि तो वापरण्याची रीत

एका शास्त्रीय गायनाच्या मैफलीत मी पहिल्यांदा पूर्णपणे मूक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर वापरले. विलंबित ख्यालाची आलापी चालू असताना कॅमेऱ्याचा 'खटक्' असा आवाज झाला की पुढच्या तीन रांगांमधल्या माना वळतात, हा अनुभव गाठीशी होता. म्हणून त्या संध्याकाळी मेनूमध्ये जाऊन 'सायलेंट' हा पर्याय निवडला, शटर स्पीड, म्हणजे प्रकाश घेण्याचा वेळ, १/२०० सेकंद ठेवला आणि निर्धास्तपणे अडीचशे छायाचित्रे काढली. घरी येऊन ती मोठ्या पडद्यावर पाहिली, तेव्हा गायिकेच्या चेहऱ्यावरून, तानपुऱ्यांवरून आणि मागच्या पांढऱ्या पडद्यावरून आडवे फिकट-गडद पट्टे गेलेले दिसले. कॅमेरा बिघडला नव्हता आणि दिवेही बिघडले नव्हते. त्याच सभागृहात, त्याच दिव्यांखाली शटर स्पीड १/१०० ठेवला असता, तर यांतला एकही पट्टा उमटला नसता.

असे का झाले, हे शोधताना एक गोष्ट लक्षात आली. इलेक्ट्रॉनिक शटरचे बहुतेक गुण आणि जवळजवळ सगळे दोष एकाच आकड्यातून निघतात, आणि कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात नेमका तोच आकडा सहसा छापलेला नसतो. सेन्सरवरील सर्व ओळी वाचून काढायला कॅमेऱ्याला लागणारा वेळ, हा तो आकडा होय. छायाचित्रकार त्याला 'रीडआउट टाइम' म्हणतात. या लेखात त्याला वाचनकाळ म्हणू. तो घरच्या घरी, एका ट्यूबलाइटच्या साहाय्याने, पाव तासात मोजता येतो. मोजायचे कसे, हे सांगण्याआधी आत काय घडते ते पाहणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय मोजलेल्या आकड्याचा उपयोग करता येणार नाही.

आत काय घडते

यांत्रिक शटरमध्ये सेन्सरच्या पुढ्यात पातळ पात्यांचे दोन पडदे असतात. पहिला पडदा सरकून सेन्सर उघडतो आणि ठरलेल्या वेळानंतर दुसरा पडदा त्याच दिशेने सरकून तो झाकतो. एका पडद्याला सेन्सरची उंची ओलांडायला साधारण तीन ते चार मिलिसेकंद लागतात. म्हणूनच बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशसाठीची मर्यादा १/२०० किंवा १/२५० असते. त्याहून जलद वेगाला पहिला पडदा पुरता खाली पोहोचण्याआधीच दुसरा निघालेला असतो, आणि दोहोंच्या मधली अरुंद फट सेन्सरवरून सरकत जाते. म्हणजे १/४००० ला संपूर्ण सेन्सर कोणत्याही एका क्षणी उघडा नसतोच. चित्र टप्प्याटप्प्याने घेतले जाणे ही डिजिटल युगाची देणगी आहे, असा समज आढळतो, पण तो खरा नाही. फ्रेंच छायाचित्रकार झाक-आंरी लार्तीग यांनी १९१० च्या दशकात टिपलेल्या शर्यतीच्या मोटारीचे चाक लंबगोल होऊन पुढे कललेले दिसते, ते अशाच सरकत्या फटीमुळे.

इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये हलणारा भाग कोणताच नसतो. सेन्सर सतत उघडाच असतो. प्रत्येक पिक्सेलमध्ये प्रकाशामुळे विद्युतभार साठत असतो. छायाचित्र घेताना कॅमेरा प्रथम एका ओळीतील सर्व पिक्सेलांमधील साठा रिकामा करतो, त्या क्षणापासून त्या ओळीचे एक्सपोजर सुरू होते, आणि ठरलेला वेळ संपताच ती ओळ वाचली जाते, म्हणजे साठलेल्या भाराचे आकड्यात रूपांतर होते. हे काम सर्व ओळींवर एकाच वेळी होत नाही. एक ओळ वाचून झाली की पुढची, मग तिच्या पुढची, असे ते बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत चालते.

लग्नातल्या जुन्या पद्धतीच्या पंगतीवरून हे चटकन समजते. वाढणारा एका टोकापासून वाढत जातो आणि काही वेळाने पत्रावळी उचलणारा त्याच टोकापासून, त्याच चालीने निघतो. प्रत्येकाला जेवायला मिळालेला वेळ सारखाच असतो, परंतु शेवटच्या पाटावरचा माणूस पहिल्यापेक्षा बराच उशिरा जेवायला सुरुवात करतो आणि तितकाच उशिरा उठतो. जेवायला मिळालेला वेळ म्हणजे शटर स्पीड. पत्रावळी उचलणाऱ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला लागलेला वेळ म्हणजे वाचनकाळ. हे दोन्ही आकडे परस्परांपासून स्वतंत्र आहेत. कॅमेऱ्याच्या पडद्यावर १/३२००० असा आकडा दिसला, की एवढ्या सूक्ष्म काळात सगळे चित्र गोठले असे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक ओळ तेवढाच वेळ प्रकाश घेते हे खरे असले, तरी वरची ओळ आणि खालची ओळ यांच्यात सेकंदाच्या विसाव्या भागाचेही अंतर असू शकते.

हे वाचन मंद का असते? २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर साधारण ६,००० स्तंभ आणि ४,००० ओळी असतात. स्तंभांच्या टोकाशी असलेले रूपांतरक एका ओळीतले सगळे पिक्सेल एकदम हाताळतात, तरी ओळी एकामागून एकच घ्याव्या लागतात. सगळे वाचन ५९ मिलिसेकंदांत होत असेल, तर एका ओळीच्या वाट्याला सुमारे १५ मायक्रोसेकंद येतात. भार जितक्या बारकाईने मोजायचा तितका वेळ अधिक लागतो, म्हणून १४ बिटपेक्षा १२ बिटचे वाचन जलद होते. काही कॅमेरे इलेक्ट्रॉनिक शटर निवडताच, विशेषतः जलद मालिका टिपताना, १२ बिटवर उतरतात आणि गडद भागांतला तपशील थोडासा गमावतात, त्याचे कारण हेच.

मोजणी: ट्यूबलाइट आणि पांढरी भिंत

भारतातील घरगुती वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शिखरावर पोहोचतो, त्यामुळे या पुरवठ्यावर लुकलुकणारा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. म्हणजे एका उजेडापासून दुसऱ्या उजेडापर्यंत नेमके १० मिलिसेकंद. डोळ्यांना हे दिसत नाही, पण ओळीने वाचणाऱ्या सेन्सरला ते आडव्या पट्ट्यांच्या रूपात दिसते. घरात फुकट मिळणारे हे घड्याळच आहे. ग्रिडची वारंवारिता ५० हर्ट्झच्या आसपास किंचित खालीवर होते, परंतु त्यामुळे आपल्या मोजणीत फरक पडतो तो एका टक्क्याहूनही कमी.

पायरी १: दिवा निवडा. तांब्याचा चोक आणि स्टार्टर असलेली जुनी ट्यूबलाइट सर्वांत उत्तम. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब फार जलद लुकलुकते, म्हणून ती उपयोगाची नाही. आणि तापलेली तार सहजासहजी गार होत नसल्यामुळे जुना पिवळा बल्ब फारच कमी लुकलुकतो. स्वस्त एलईडी बल्बांपैकी पुष्कळसे १०० हर्ट्झला ठळकपणे लुकलुकतात, चांगले बल्ब लुकलुकत नाहीत. हाताशी असलेला दिवा कोणत्या जातीचा आहे, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यात मॅन्युअल मोडवर १/२००० ठेवून भिंतीकडे पाहिले की लगेच कळते. खोलीतले इतर सर्व दिवे बंद करावेत आणि खिडकीचा उजेड अडवावा.

पायरी २: कॅमेरा आडवा धरून पांढऱ्या भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवावा. फोकस मुद्दाम बिघडवावा, म्हणजे भिंतीचा पोत पट्ट्यांत मिसळणार नाही. चौकटीत फक्त भिंत असावी. ट्यूबची टोके भिंतीच्या फार जवळ नसावीत, कारण टोकांपाशी दिवा ५० हर्ट्झनेही लुकलुकतो आणि एकाआड एक पट्टा कमी-अधिक गडद येऊन मोजणीत गोंधळ होतो.

पायरी ३: शटरचा प्रकार 'इलेक्ट्रॉनिक' असा ठामपणे निवडावा, 'ऑटो' ठेवू नये. शटर स्पीड १/२०००, अॅपर्चर (भिंगाचे छिद्र) पूर्ण उघडे आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० किंवा लागेल तितका. छायाचित्र दाणेदार आले तरी चालेल, आपल्याला पट्ट्यांच्या कडा नव्हे तर त्यांचे मध्य हवे आहेत.

पायरी ४: पाच-सहा छायाचित्रे काढावीत. प्रत्येकात पट्ट्यांची जागा वेगळी असेल, परंतु त्यांच्यातले अंतर सारखेच असले पाहिजे. तसे नसेल तर दुसरा एखादा दिवा कुठेतरी चालू राहिला आहे. पट्टे चित्राच्या लांब बाजूला समांतर येतात. फोन उभा धरून काढलेल्या चित्रात ते उभे दिसतात, कारण ओळी सेन्सरच्या लांब बाजूने असतात.

पायरी ५: संगणकावर चित्र उघडून एका गडद पट्ट्याच्या मध्यापासून पुढच्या गडद पट्ट्याच्या मध्यापर्यंतचे अंतर पिक्सेलांत मोजावे. शक्य असेल तेव्हा तीन-चार पट्ट्यांचे एकत्रित अंतर घेऊन भागावे, म्हणजे चूक कमी होते. चित्राच्या उंचीला या अंतराने भागले आणि १० ने गुणले, की वाचनकाळ मिलिसेकंदांत मिळतो. माझ्या कॅमेऱ्यात चित्राची उंची ४,००० पिक्सेल आणि पट्ट्यांतले अंतर ६८० पिक्सेल आले. ४,००० भागिले ६८० म्हणजे ५.८८, म्हणजेच ५८.८ मिलिसेकंद, सुमारे सेकंदाचा सतरावा भाग. नंतर गंमत म्हणून मैफलीतले वाया गेलेले छायाचित्र उघडले; त्यातही पट्टे पाच आणि सहा यांच्या मधलेच होते. उत्तर त्या चित्रात पहिल्या दिवसापासूनच होते.

वेगवेगळ्या मोडमध्ये मोजणी पुन्हा करावी, हे मी आग्रहाने सुचवेन. एकएक छायाचित्र, जलद मालिका आणि व्हिडिओ यांचे वाचनकाळ एकाच कॅमेऱ्यातही निराळे असू शकतात. व्हिडिओची चौकट १६:९ असल्यामुळे तिच्यात ओळी कमी असतात, आणि काही मोडमध्ये ओळी गाळूनही वाचल्या जातात.

चौकटीत एकही पूर्ण पट्टा न मावता केवळ उजेडाचा चढ-उतार दिसला, तर आपला सेन्सर जलद आहे. वाचनकाळ १० मिलिसेकंदांहून कमी आहे. अशा वेळी ट्यूबलाइटचे घड्याळ पुरत नाही. आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या नियंत्रकाचा साधा बोर्ड, एक पांढरा एलईडी आणि २२० ओहमचा रोधक घेऊन एलईडी १ मिलिसेकंद चालू आणि १ मिलिसेकंद बंद असा लुकलुकवावा, समोर बटर पेपर धरावा आणि तो कागद चौकटभर येईल इतका जवळून, १/४००० किंवा त्याहून जलद वेगाने टिपावा. आता एका आवर्तनाचे २ मिलिसेकंद होतात, म्हणून भागाकाराला १० ऐवजी २ ने गुणावे. ५,५०४ पिक्सेल उंचीच्या चित्रात हे अंतर २,९७० पिक्सेल आले, तर वाचनकाळ ३.७ मिलिसेकंद, म्हणजे साधारण १/२७० सेकंद.

आकडा हाती आल्यावर: दिवे

मैफलीतल्या पट्ट्यांवरचा उपाय आता सरळ दिसतो. प्रत्येक ओळ जर दिव्याची पूर्ण आवर्तने, म्हणजे १०, २० किंवा ३० मिलिसेकंद, प्रकाश घेत असेल, तर ती केव्हाही सुरू झाली तरी तिला मिळणारा एकूण प्रकाश तितकाच राहतो. म्हणून १/१०० आणि १/५० हे भारतातले सुरक्षित शटर स्पीड आहेत. १/१२५ हा १/१०० च्या शेजारचाच आकडा वाटतो, परंतु त्यात आवर्तन पुरे होत नाही आणि पट्ट्यांचा मूळ गडदपणा सुमारे पाव हिश्शाने शिल्लक राहतो. १/२०० ला तो जवळजवळ दोन तृतीयांश उरतो. १/६० हाही येथे परका आकडा आहे, पट्टे फिके होतात पण जात नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी मात्र तोच वापरावा. तेथील पुरवठा ६० हर्ट्झचा असल्यामुळे महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहात १/६० आणि १/१२० योग्य ठरतात, आणि इकडून सवयीने नेलेला १/१०० तेथे पट्टे देतो.

रंगमंचावरचे एलईडी दिवे हे याहून कठीण प्रकरण आहे. त्यांचा मंदपणा बहुधा दिवा अतिशय जलद चालू-बंद करून साधलेला असतो, आणि ती वारंवारिता काहीशे ते काही हजार हर्ट्झपर्यंत कितीही असू शकते. अशा दिव्यांखाली पट्टे बारीक आणि दाट येतात, आणि निळ्या-जांभळ्या दिव्यांचे पट्टे चेहऱ्यावर रंगीत डाग पडल्यासारखे दिसतात. शटर मंद केले, १/१०० किंवा १/५० वर आणले, की प्रत्येक ओळीत पुष्कळ आवर्तने मावतात आणि पट्टे फिके होतात. अलीकडच्या काही कॅमेऱ्यांत शटर स्पीड दशांशापर्यंत सूक्ष्मपणे बदलता येतो. पडद्यावर पट्टे पाहत तो हळूहळू सरकवावा आणि ते विरले की तेथे थांबावे. वादनाच्या द्रुत लयीत १/५० वर हात पुसट होतात, याला इलाज नाही. तेथे यांत्रिक शटर काढावे. यांत्रिक शटरलाही दिव्याचे लुकलुकणे चुकत नाही, परंतु त्याचे पडदे चार मिलिसेकंदांत उतरतात, त्यामुळे सहा पट्ट्यांऐवजी फार तर एखादी छटा दिसते. तबल्याचा आवाज चालू असताना शटरचा आवाज कोणाला ऐकूही जात नाही. मूक शटरची खरी गरज आलापीत असते, आणि आलापीत हात संथ असतात.

नेपथ्य म्हणून मागे एलईडी वॉल असेल तर मात्र चाचणीशिवाय काहीच गृहीत धरू नये. कार्यक्रमापूर्वी, आवाजाची तपासणी चालू असताना, पाच छायाचित्रे काढून शंभर टक्के मोठी करून पाहावीत. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर पट्टे लपतात, हे मी अडीचशे छायाचित्रे गमावून शिकलो आहे.

हालचाल

ओळींमध्ये कालांतर असल्यामुळे चित्रातली हलती वस्तू वाकते. किती वाकेल, याचा हिशेब सोपा आहे: वस्तूचा वेग गुणिले वाचनकाळ गुणिले चौकटीच्या उंचीचा त्या वस्तूने व्यापलेला भाग. फलाटावर न थांबता ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जाणारी लोकल घ्या. डब्याने चौकटीची अर्धी उंची व्यापली असेल आणि वाचनकाळ १/१७ सेकंद असेल, तर डब्याचे छत टिपले जाणे आणि चाके टिपली जाणे यांदरम्यान गाडी जवळजवळ ६० सेंटिमीटर पुढे गेलेली असते. सगळे दरवाजे आणि खिडक्या मागे रेललेल्या दिसतात. हाच वाचनकाळ १/२७० असता, तर फरक चार सेंटिमीटरांहूनही कमी राहिला असता आणि कोणाच्या लक्षातही आला नसता.

शटर स्पीड वाढवून हा दोष जात नाही. हे वाक्य पुन्हा वाचावे, कारण सर्वाधिक चुका येथेच होतात. १/८००० ला वाकडी लोकल अधिक रेखीव दिसते, एवढेच. उलट १/६० ला हालचाल मुळातच पुसट होते आणि वाकडेपणा त्यात काही प्रमाणात लपतो.

घरातला पंखा हा याचा चांगला शिक्षक आहे. पूर्ण वेगाने मिनिटाला ३६० फेरे घेणारा पंखा १/१७ सेकंदात सुमारे १२७ अंश फिरतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक शटरने १/४००० ला टिपलेल्या चित्रात त्याची पाती कोयत्यासारखी वाकलेली, कधी एक पाते जाड तर दुसरे काटकुळे, अशी दिसतात. तेच चित्र यांत्रिक शटरने काढून शेजारी ठेवावे. ढोलाच्या टिपरूचे, क्रिकेटच्या बॅटचे आणि झेपावणाऱ्या खंड्याच्या पंखाचे काय होईल, याचा अंदाज त्या दोन चित्रांवरून कोणत्याही कोष्टकापेक्षा अधिक चांगला येतो.

कॅमेरा हलवत वस्तूचा पाठलाग करताना उलटे घडते: मोटारसायकल सरळ राहते आणि मागचे विजेचे खांब व इमारती कलतात. लांब भिंगाने हातातून टिपताना हाताचा सूक्ष्म थरथराटही सरळ रेषांना नागमोडी करू शकतो. एक छोटी युक्ती येथे उपयोगी पडते. कॅमेरा उभा धरला की ओळीही उभ्या होतात; मग आडवी धावणारी वस्तू कलत नाही, तर वाचनाच्या दिशेप्रमाणे किंचित लांबते किंवा आखडते. कललेले दार डोळ्याला लगेच खुपते, थोडा आखडलेला डबा खुपत नाही.

वन्यजीवांच्या छायाचित्रणात मूक शटर अमोल आहे. ताडोबात पाणवठ्यावर बसलेल्या वाघिणीसाठी १/१७ चा मंद सेन्सरही पुरेसा आहे, कारण ती हलत नाही आणि ऊन लुकलुकत नाही. ती उठून धावू लागली, की शटरचा प्रकार बदलणारे बटण बोटाखाली हवे.

फ्लॅश, आपला आणि परका

फ्लॅश हजारांश सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी काळ चमकतो. तो सर्व ओळींना सारखा मिळायचा, तर चमकण्याच्या क्षणी सर्व ओळी एकदम प्रकाश घेत असल्या पाहिजेत, आणि हे शटर स्पीड वाचनकाळापेक्षा मंद असेल तेव्हाच घडते. वाचनकाळ ५८.८ मिलिसेकंद असताना १/१५ म्हणजे ६६.७ मिलिसेकंद ठेवले, तर सगळ्या ओळी एकत्र उघड्या असण्याची खिडकी जेमतेम आठ मिलिसेकंदांची मिळते. लग्नसमारंभात १/१५ कोणाच्या कामाचे? म्हणून अनेक कॅमेरे इलेक्ट्रॉनिक शटर निवडताच फ्लॅश बंदच करून टाकतात.

स्वतःचा फ्लॅश बंद केला तरी शेजारच्या छायाचित्रकाराचा बंद करता येत नाही. आपण १/२०० ला मूकपणे टिपत असताना त्याचा फ्लॅश चमकला, तर त्या क्षणी उघड्या असलेल्या ओळींपुरताच तो आपल्या चित्रात येतो: ५८.८ पैकी ५ मिलिसेकंद, म्हणजे चित्राच्या उंचीचा साधारण बारावा भाग भडक पांढरा आणि बाकीचे चित्र जसेच्या तसे. वरमाला घालण्याच्या क्षणी चार जण एकदम फ्लॅश मारतात. त्या क्षणासाठी यांत्रिक शटरच वापरावे. सनई चालू असताना शांततेची कोणाला गरज नसते.

मधला मार्ग: इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा

बहुतेक मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत तिसराही पर्याय असतो. त्यात एक्सपोजरची सुरुवात इलेक्ट्रॉनिक रीतीने, यांत्रिक पडद्याच्या चालीशी जुळवून ओळी रिकाम्या करत होते, आणि शेवट खऱ्या पडद्याने होतो. पडदा पडल्यावर सेन्सर झाकलेला राहतो, त्यामुळे वाचन मंद झाले तरी बिघडत नाही. आवाज निम्मा होतो, आणि तिपाईवरून १/३० ते १/१२५ च्या दरम्यान टिपताना पहिल्या पडद्याच्या धक्क्याने येणारा पुसटपणा टळतो. दैनंदिन कामासाठी मी हाच पर्याय ठेवतो.

त्याची अडचण एकच. इलेक्ट्रॉनिक पडदा नेमका सेन्सरच्या पृष्ठभागावर असतो आणि यांत्रिक पडदा त्याच्या थोडा पुढे, हवेत. एफ १.४ इतक्या मोठ्या अॅपर्चरवर १/२००० च्या पुढे गेले की उघड्या भिंगातून येणाऱ्या प्रकाशाच्या रुंद शंकूचा काही भाग या अंतरामुळे कापला जातो, आणि पार्श्वभूमीतले दिव्यांचे गोल अर्धवट छाटलेले दिसतात. अशा वेळी पूर्ण यांत्रिक शटरवर यावे.

जलद सेन्सर आणि ग्लोबल शटर

मंद वाचनावरचा पहिला उपाय म्हणजे सेन्सरच्या पाठीशी स्मृती आणि प्रक्रिया करणारा वेगळा थर जोडणे. अशा 'स्टॅक्ड' रचनेचा पहिला फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा सोनीने २०१७ मध्ये ए९ या नावाने आणला. त्याचा वाचनकाळ सुमारे १/१६० सेकंद आहे. २०२१ मध्ये आलेल्या निकॉन झेड ९ चा वाचनकाळ १/२७० च्या आसपास, म्हणजे यांत्रिक पडद्याच्या तोडीचा असल्यामुळे निकॉनने त्यात यांत्रिक शटर ठेवलेच नाही. वर सांगितलेल्या बहुतेक सावधगिऱ्या अशा कॅमेऱ्यांना लागू होत नाहीत. एलईडी दिव्यांची मात्र होते.

दुसरा उपाय मुळावरचा आहे. प्रत्येक पिक्सेलशेजारी भार झाकून ठेवण्याची जागा केली, की सर्व ओळींचे एक्सपोजर एकाच क्षणी थांबवून वाचन नंतर सावकाश करता येते. पंगतीतल्या सगळ्यांच्या पत्रावळी एकदम झाकून टाकाव्यात आणि मग निवांत उचलाव्यात, तसे. याला ग्लोबल शटर म्हणतात. कल्पना नवी नाही: २००४ च्या निकॉन डी७० मधील सीसीडी या जुन्या जातीच्या सेन्सरमध्ये भार एकदम हलवण्याची सोय होती, आणि म्हणूनच तो सामान्य किमतीचा कॅमेरा १/५०० ला फ्लॅश जुळवू शकत असे. सीमॉस या आज प्रचलित जातीच्या सेन्सरचे युग आल्यावर ही सोय गेली, आणि फुल-फ्रेममध्ये ती नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए९ III बरोबर परत आली. १/८०००० पर्यंत कोणत्याही वेगाला फ्लॅश जुळतो आणि लोकल सरळ येते. किंमत पिक्सेलमधल्या जागेच्या रूपाने मोजावी लागते: साठवणुकीला जागा दिल्यामुळे प्रकाश साठवण्याची क्षमता घटते, आणि मूळ आयएसओ नेहमीच्या १०० ऐवजी २५० पासून सुरू होतो. निसर्गदृश्ये टिपणाऱ्याने त्यासाठी पैसे खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

कॅमेऱ्यात करून ठेवायच्या गोष्टी

शटरचा प्रकार बदलण्याचे काम मेनूत पुरलेले नसावे, ते एखाद्या मोकळ्या बटणावर आणावे. मेनूत हे पर्याय एमएस (यांत्रिक), ईएफ (इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा) आणि ईएस (इलेक्ट्रॉनिक) अशा आद्याक्षरांनी किंवा 'सायलेंट' या नावाने आढळतात. 'ऑटो' किंवा मिश्र पर्यायापासून सावध राहावे, कारण भर उन्हात अॅपर्चर उघडे ठेवून यांत्रिक शटरची मर्यादा ओलांडली, की कॅमेरा न सांगता इलेक्ट्रॉनिक शटरवर जातो. इलेक्ट्रॉनिक शटरबरोबर येणारा कृत्रिम 'क्लिक' आवाज आणि फोकसची 'पीप' वेगवेगळ्या ठिकाणी बंद कराव्या लागतात, तसेच फोकसला मदत करणारा लाल दिवाही. मूक कॅमेऱ्याचा लाल दिवा गायकाच्या डोळ्यांत गेला तर शांततेचा काय उपयोग?

टाइमलॅप्ससाठी मात्र इलेक्ट्रॉनिक शटरच ठेवावे. यांत्रिक शटरचे आयुष्य कॅमेऱ्याप्रमाणे लाख-दोन लाख ते चार-पाच लाख छायाचित्रांचे धरलेले असते, आणि ढगांच्या एका रात्रीत त्यातली दोन-तीन हजार सहज खर्च होतात. ढग हलतात ते इतके संथ, की १/१७ सेकंदाच्या वाचनकाळाला त्यांच्यात वाकवण्यासारखे काही सापडत नाही.